त्रेसष्ट नंबरचा खिळा

"मोकळा खिळा म्हणजे माणूस बिल्ला घेऊन खाली," ती म्हणाली. "बिल्ला लटकलेला म्हणजे माणूस वर. अख्ख्या खाणीचा कारभार या फळ्यावर चालायचा."

बावीस पर्यटकांनी माना डोलावल्या. सहा जणांना समजलं होतं. बाकीचे हेल्मेट घालून फोटो कसा येईल या विवंचनेत होते. ती रोज पाच फेऱ्या करायची. कोण ऐकतंय आणि कोण नुसतं उभं आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. लोखंडाचा दगड संपला, खाण बंद पडली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की दगड विकला जात नसेल तर अंधार विकावा. अंधार बरा खपत होता.

"हा खालच्या ओळीतला त्रेसष्ट नंबर माझ्या बाबांचा. मी पाच वर्षांची होते. एकदा बाबा चुकून बिल्ला खिशातच घेऊन घरी आले. चकचकीत पितळ, गोल. मी लगेच माझ्या बाहुलीची ताटली केली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम धडकी भरली, आता आपल्याला मार बसणार! धावत इथं आले. बिल्लेवाले काका खुर्चीत घोरत होते. खालची ओळ म्हणून हात पुरला. बिल्ला खिळ्याला अडकवला आणि धूम ठोकली."

"मग बाबा रागावले?" एका बाईंनी ठरल्यासारखं विचारलं. रोज कुणीतरी विचारायचंच.

"छे! त्या बिल्ल्याबद्दल बाबा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत."

हशा पिकला. हशा पिकला की बोगद्याकडे वळायचं, हे तिचं ठरलेलं.

बोगद्याच्या तोंडाशी दगडी पाटी होती. चौतीस वर्षांपूर्वी छत कोसळून गेलेल्या सतरा जणांची नावं त्यावर कोरलेली. ती नावं वाचून दाखवायची, पण अठराव्या माणसाचं सांगायची नाही. त्याच दिवशी तिचे बाबा नाहीसे झाले होते. धोक्याचा भोंगा झाला तेव्हा फळ्यावर सतरा खिळे मोकळे होते आणि त्रेसष्टवर बिल्ला लटकत होता. म्हणजे माणूस वर आला, आणि तिथूनच पसार झाला. सतरा घरांत मरण आलं आणि अठराव्यात लाज. जिभेला हाड नसलेल्यांनी त्याला एक बाईही जोडून दिली. आईनं त्यानंतर नवऱ्याचा उल्लेख 'तो' असा केला, तोही वर्षातून एखाद्या वेळी.

मंगळवारी मॅनेजरनं तिला घाईनं बोलावून घेतलं. नवी फेरी सुरू करायची म्हणून मागच्या गल्लीच्या तोंडाशी अपघातानंतर चिणलेली भिंत फोडली होती. आत एक माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता. म्हणजे हाडं बसली होती. शेजारी डबा होता. हेल्मेटवर पांढऱ्या रंगात त्रेसष्ट.

डोक्याच्या वर, भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. तिनं मोजल्या. एकवीस. अंधारात दिवस कळत नाही, पण पाळीचा भोंगा तिथंही ऐकू जायचा, दिवसाला तीनदा. सात दिवस.

खणायचं तिसऱ्या दिवशी थांबवलं होतं. सतरा खिळे, सतरा देह. आकडा जुळला, म्हणून.

"पाटीवर नाव वाढवूच," मॅनेजर हळहळत म्हणाला. "आणि बघा, रेघांवर एक दिवा सोडला तर... लोकांच्या मनाला भिडेल."

आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पळाला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, आई."

"आणि मी चौतीस वर्षं त्याला शिव्या घातल्या." ती उठून बसली, महिन्याभरात पहिल्यांदाच. "तो खाली असताना त्याचा बिल्ला वर लावला कुणी? माझे फार दिवस उरले नाहीत. ज्याच्या हातून झालं त्याचं नाव मला आणून दे. त्याला शिव्याशाप दिल्याशिवाय मी जायची नाही."

"आणते," लेक म्हणाली. तिला नाव ठाऊक होतं. जो भर दुपारी घोरायचा, त्याच्याशिवाय कोण असणार?

बिल्लेवाले काका सुनेच्या घरी ओसरीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीचा भाता झालेला.

"काका, मी त्रेसष्ट नंबरची मुलगी."

"बस. कळलं मला."

"झोपेत तुमच्याच हातून लागला ना तो बिल्ला? खरं सांगा. आता कोण तुम्हाला फासावर चढवणार आहे?"

"मी नाही लावला, बाई. डोळा लागला होता, हे खरं. जाग आली तर बिल्ला खिळ्यावर. मला वाटलं, वर आला असेल, लावून गेला असेल. तासाभरानं धोक्याचा भोंगा झाला." म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. "कुठल्या हलकटानं लावला, कळलं असतं तर या हातांनी त्याचा गळा दाबला असता."

"आईला नाव हवंय."

"मग माझंच सांग. एक चूक माझी आहेच. नोकरी जाईल म्हणून कुणापाशी बोललो नाही. त्या दिवशी मी त्याला बिल्ल्याशिवाय खाली सोडला."

"बिल्ल्याशिवाय?"

"हो ना. आदल्या संध्याकाळी खिशातच घेऊन गेला होता. सकाळी मी हटकलं, तर कसा हसला! म्हणाला, 'काका, लेकीनं बाहुलीची ताटली केलीय त्याची. राहू दे तिच्याकडे आजचा दिवस.'"