माणसाचा वेग

सोमवार, दिनांक तीन नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, सकाळी साडेआठ वाजता, मौजे सांगवी, तालुका बारामती येथील राहत्या घराच्या ओसरीवर, निवृत्त इंग्रजी शिक्षक हिंदुराव जगताप यांनी रोहिणीचे पहिले नमुना वाक्य ऐकले आणि फेटाळले.

"द बॉय रन्स फास्टर दॅन द हॉर्स," असे ते वाक्य होते.

"नामंजूर!" हिंदुराव म्हणाले.

हा शब्द सबंध पंचक्रोशीच्या ओळखीचा होता. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत इतिवृत्ताचे वाचन संपले, की हजारभर सभासद "मंजूर, मंजूर" म्हणून गर्जत, आणि ती गर्जना विरण्याच्या आत एकटे हिंदुराव उभे राहून "नामंजूर!" म्हणत, मग अर्धा तास कारणे देत. चौतीस वर्षांत यंदाची तेवढी सभा चुकली होती. आषाढातल्या दुखण्यापासून त्यांनी माणसांत जाणेच सोडले होते. एका शब्दात भागत असता दुसरा खर्चू नये, असे ते हल्ली मानीत.

रोहिणीला आणले होते ते सुनेने, माधवीने.

"आबा, ही बारामतीत खोली करून ऱ्हाती. पळण्यात पहिली, पर इंग्रजीत तोंड उघडत न्हाय. लोणी देवकरच्या कंपनीत खेळाडूंची भरती हाय, फेब्रुवारीत मुलाखत. तुमी न्हाय म्हणलात तर नोकरी गेली म्हणून समजा तिची."

शिकायला कोणीही यावे, आपल्याला शिकवायला मात्र कोणी येऊ नये, हा हिंदुरावांचा जन्माचा बाणा. त्यांनी डाव्या हाताने समोरच्या खुर्चीकडे खूण केली.

रोहिणीजवळ माणसाच्या धावण्याच्या वेगावरचे एक पातळसे पुस्तक होते आणि गळ्यात सेकंद मोजायचे घड्याळ. दिवसाआड ती येई, पुस्तकातले एक वाक्य इंग्रजीत म्हणे आणि अर्थ मराठीत सांगे. पण मुलगी विलक्षण मंद निघाली. कधी ती माणसाला ताशी शंभर किलोमीटर पळवी, कधी म्हशीकडून हरवी. शुद्ध वाक्य पुढ्यात ठेवले तरी तिची जीभ वळत नसे. "सर, आधी तुमी म्हणा, मग मी म्हणते," हे तिचे पालुपद.

हिंदुरावांना एक वेळ अपमान सोसत असे. चूक सोसत नसे.

"चूक," ते नोव्हेंबरअखेर म्हणाले. डिसेंबरात म्हणाले, "घोडा जास्त. माणूस कमी." रोहिणीने वहीत काहीतरी टिपले आणि पुढच्या खेपेला नवी चूक घेऊन आली.

संक्रांतीच्या सुमारास तिने कळस केला.

"सर, माणूस पळण्यात समद्या जनावरांच्या मागं. लांबचा पल्ला तर त्याला जमतच न्हाय. पुस्तकातच हाय."

"कुठं हाय? पान काढ!" हिंदुराव उसळले. संतापाने शब्द तुटत होते. "थोड्या पल्ल्यात... हरीण जिंकतं. लांबच्या पल्ल्यात, उन्हात... माणूस. त्याला घाम येतो, अंग निवतं. हरणाला धाप लागते. माणूस... थांबत नाही!"

रोहिणीने घड्याळाची कळ दाबली. पळणाऱ्यांची खोड, हिंदुरावांनी मनाशी म्हटले, बोलणेसुद्धा मोजतात.

आत माधवी पदराने डोळे पुसत होती. "कांदा चिरतीय, आबा," ती न विचारताच म्हणाली.

या मुलीची भाकरी आपल्या हाती आहे, या जाणिवेने हिंदुरावांना पहाटेच जाग येऊ लागली. ते आदल्या दिवशीच उत्तरे जुळवून ठेवीत, आरशापुढे म्हणून पाहत. निवृत्तीनंतर प्रथमच कोणाला तरी आपली गरज पडली होती, आणि त्याबद्दल ते मनोमन रोहिणीचे ऋणी होते. ते ऋण तोंडावर मान्य करण्याइतके मात्र ते सैल नव्हते. म्हणून त्यांनी मुलाखतीच्या शेवटी म्हणण्यासाठी तिला स्वतःचे एक वाक्य रचून दिले : आय ॲम ग्रेटफुल टू माय टीचर. ते तिला अखेरपर्यंत धड म्हणता आले नाही.

"तू धावपटू म्हणवतेस," फेब्रुवारीत एकदा त्यांनी तिला धारेवर धरले, "आणि चार महिन्यांत तुझ्या पायात मी टाचेच्या चपलांखेरीज काही पाहिलं नाही, की तू फाटकापासून ओसरीपर्यंत पळत आल्याचंही पाहिलं नाही. मग तू पळतेस तरी केव्हा?"

"आता तुमच्या तोंडाला कोन लागल, सर!" रोहिणी हसत म्हणाली आणि तिने पुन्हा कळ दाबली.

शुक्रवार, सत्तावीस फेब्रुवारीला तिघे बारामतीला गेले. दारावर डॉक्टरची पाटी पाहून हिंदुराव थबकले. "कंपनी आधी तब्येत बघती, मग मुलाखत घेती," माधवीने घाईने सांगितले. हिंदुराव न बोलावता रोहिणीबरोबर आत शिरले.

"आपण कशासाठी आलात?" डॉक्टरांनी त्यांनाच विचारले.

हिंदुराव सभेत उभे राहत तसे उभे राहिले. रोहिणीच्या गळ्यातल्या घड्याळाची कळ वाजली.

"या मुलीची बाजू मांडायला. तिचं इंग्रजी कच्चं आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण जी मुलगी चार महिने ऊनथंडी न पाहता येते, माझ्यासारख्या तुसड्या माणसाची बोलणी खाते आणि एकदाही तोंड वाकडं करत नाही, तिला तुम्ही घेतलं नाही, तर नुकसान तिचं नव्हे, तुमचं आहे. आता तिचं शेवटचं वाक्य ऐका. म्हण, रोहिणी."

रोहिणी त्यांच्याकडे वळली. "आधी तुमी, सर."

"आय ॲम ग्रेटफुल टू माय टीचर," हिंदुराव तिच्याकडे पाहत खणखणीत म्हणाले.

डॉक्टरांनी पुढ्यातली फाइल उघडली. तिच्यावर नाव हिंदुरावांचे होते. पहिले पान त्यांनी मोठ्याने वाचले. "बारा जुलै. अर्धांगवायूचा झटका. वाचा गेली. रुग्णाला उच्चारता येणारे शब्द : एक."

मग त्यांनी रोहिणीकडे पाहिले. "वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून तुमचा अभिप्राय?"

रोहिणीने घड्याळ थांबवले.

"मंजूर."