पेडलवरचा खडू

उड्डाणाआधी भाचीने फळ्याजवळचा खडू उचलला आणि कोणी बघत नाहीसं पाहून बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या मागच्या दोन्ही पेडलवर घासला. मागे मामा बसायचा; पुढची-मागची पेडलं आणि हातातली स्टिक एकमेकांना जोडलेली, एकाने हलवली की दुसऱ्याचीही हलायची. तोच तिला शिकवत होता, आणि आज वहीत त्याची सही मिळाली की उद्या ती एकटी उडणार होती.

"माझे पाय पेडलवर नाही, खाली टेकलेले असतात बरं का," मामा म्हणायचा. कोणी न विचारता म्हणायचा, म्हणून तर तिच्या मनात पाल चुकचुकली. चार वेळा ती स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली कोसळण्यातून, बाहेर आली होती, चारही वेळा अगदी सुतासारखी सरळ. आपण काही एवढ्या तयारीच्या नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय मामाचा तिच्यावर भारी जीव. सायकल शिकवताना "सोडली, सोडली" म्हणत धरून पळणारा माणूस तो. पण उद्या मागची सीट रिकामी असेल, तेव्हा कोण धरणार?

उंचीवर गेल्यावर तिने नाक वर घेतलं, वेग मरू दिला आणि एक पाय दाबला. ग्लायडर एका अंगावर कोसळून गरगरायला लागलं. तिने पाठ केल्याप्रमाणे उलटा पाय दिला. गरगर थांबेना, आणि वाऱ्याचा आवाज चढत चालला. स्पिनमध्ये वेगाचा काटा फारसा हलत नाही. हा तर पळत सुटला होता. हे स्पिन नव्हतंच आता, वेग वाढवत घिरट्या घेत खाली जाणारं स्पायरल झालं होतं. इथे पायाचं काम नाही, हाताचं: आधी पंख सरळ, मग हळूहळू नाक वर. तिने स्टिक आवळली, तर ती लोण्यासारखी हलली आणि ग्लायडर सरळ झालं. एवढ्या वेगात खरं तर जड लागायला हवी होती.

उतरल्यावर ती मागच्या सीटपाशी वाकली. पेडलवरचा खडू जसाच्या तसा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"झाली खात्री?" मामा हसला. "माझे पाय खालीच होते. आण ती वही, सही करतो."

वहीसाठी त्याने हात पुढे केला. तळहातावर स्टिकच्या रबराच्या रेघा लालभडक उमटल्या होत्या.

तिने वही पाठीमागे घेतली.

"परत वर जाऊ, मामा. या वेळी हात मांडीखाली घेऊन बस."