तिच्याच आवाजात

"अगं, वसाहतीतलं पाणी चांगलं आहे असं काल तूच तर सांगितलंस," सलाइन लावलेली आई कण्हत म्हणाली. "म्हणून तर प्याले."

हेमांगी थिजली. सरकारी रेडिओवर काल सकाळी सातच्या बातम्यांत तिने स्पष्ट वाचलं होतं, की कारखान्याचं सांडपाणी नळाच्या पाण्यात मिसळलं आहे, ते पिऊ नका.

ती तडक केंद्र संचालक निमकरांच्या खोलीत शिरली. "माझी बातमी कोणी बदलली?"

"संगणकाच्या यंत्रणेने," निमकर शांतपणे म्हणाले. "प्रत्येक घराला त्याच्या मताप्रमाणे बातमी जाते, तुमच्याच आवाजात. तुमचे वडील कारखान्यात होते. कारखान्याविरुद्धच्या बातम्या एकतर्फी असतात, असं तुमच्या आईंनीच केंद्राला पाचदा कळवलं होतं. यंदा पक्षपाताची एकही तक्रार नाही, मॅडम!"

"लोकांच्या पैशावर चालतो ना हा रेडिओ? आणि त्याच लोकांना विष पाजायला माझा आवाज वापरता? लाज नाही वाटत?"

उत्तराची वाट न बघता ती वसाहतीत गेली आणि दारोदार ओरडत सुटली, "नळाचं पाणी पिऊ नका हो! कोणीही पिऊ नका!"

तिसऱ्या घरातून एक बाई भरलेला तांब्या हातात घेऊन वैतागून बाहेर आली.

"ओरडू नका हो. दुपारच्या बातम्या ऐकू द्या."

दुपारच्या बातम्या हेमांगीने आज वाचल्याच नव्हत्या. तरी आतून तिचाच आवाज येत होता, स्वच्छ आणि ठाम. "पाण्याविषयी अफवा पसरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका."

बाईने मान डोलावली आणि तांब्या तोंडाला लावला.