एक देवदूत, दोन खाणकरी

“एक देवदूत, दोन खाणकरी. वा! घर भरलेलं दिसतंय. शाबास रे पोरा!”

काचेपलीकडून आलेला तो आवाज आर्नोने एकोणपन्नास वर्षं कानात जपला होता. तेव्हा तो चार वर्षांचा होता. आई लाकडं आणायला गेलेली. स्टुलावर चढून त्याने एकट्याने नाताळची खिडकी मांडली होती. बाहेर बर्फ, बर्फात एक उंच माणूस, बोली आपल्याच डोंगरातली. माणसाने बोटाने काच वाजवली, बाहुल्या मोजल्या आणि हसला. नाताळात मुलांना खाऊ देणारा संत निकोलाउसच तो, दुसरं कोण! मग थोरल्या बहिणीने, लिस्बेतने, आर्नोला उचलून शेळीच्या गोठ्यात नेलं आणि त्याच्या कानांवर ऊबदार हात ठेवून कितीतरी वेळ गाणं म्हटलं. वडिलांचा चेहरा आर्नोला आठवत नव्हता. पुरुषमाणसाची शाबासकी म्हणून त्याच्याकडे होती ती एवढीच.

आता तो लिस्बेतबरोबर लाकडी बाहुल्या करणाऱ्या बिटनर कातारीच्या दुकानात उभा होता. पायाखाली लाकडाचा भुगा, हवेत मेणाचा वास.

“दोन खाणकरी?” म्हाताऱ्या बिटनरने चष्मा कपाळावर ढकलला. “तू तर एकटाच की रे.”

“दोनच. आणि एक देवदूत, हिच्यासाठी.”

“ही देवदूत? साठी उलटली तिची!”

“पंख झडलेत थोडे. चालवून घ्या.”

लिस्बेत हसली नाही. तिने फळीवरचा धूर सोडणारा लाकडी म्हातारा उचलला. “हा घे ना त्यापेक्षा. पोटात धूप ठेवला की तोंडातून धूर काढतो. गंमत आहे.”

“मला खिडकी मांडायची आहे, लिस्बेत. धूर नाही काढायचा.”

जर्मनीतल्या एर्झच्या डोंगरात ही रीत खाणींइतकी जुनी. मुलगी असेल तर खिडकीत मेणबत्त्या धरलेला देवदूत, मुलगा असेल तर मेणबत्त्या धरलेला खाणकरी. छपराखाली जेवढी लेकरं, तेवढ्याच बाहुल्या. गावाला गेलेल्याची बाहुली पेटीत. वाटेने जाणाऱ्याने नुसती नजर टाकावी आणि घर ओळखावं.

युद्धाच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात मेणबत्त्या लावायला बंदी होती, विमानं यायची. तरी बाहुल्या उभ्या असायच्या. आईने देवदूत आणि एकच खाणकरी बाहेर काढला होता, कारण सतरा वर्षांचा थोरला भाऊ कोनराड युद्धावर गेला होता. पण त्याचा खाणकरी पेटीत एकटा पडलेला पाहून आर्नोला वाईट वाटलं, आणि त्याने तोही खिडकीत ठेवला.

कोनराड परत आला नाही. आर्नोने खिडकी मांडली त्याच आठवड्यात आईने तिन्ही बाहुल्या चुलीत घातल्या. पुढे दर नाताळात अख्खी गल्ली उजळायची आणि यांचीच खिडकी काळी. शाळेतली पोरं विचारायची, “आर्नो, तुमच्या घरी लेकरं नाहीत का रे?”

यंदाच्या सप्टेंबरात आई गेली. शेवटच्या दिवशी तिने लिस्बेतचा हात धरून काहीतरी सांगितलं. काय ते लिस्बेतने आर्नोला सांगितलं नव्हतं. वसंतात घर विकायचं ठरलं होतं. त्या खिडकीचा हा शेवटचा सण.

“आईला आवडलं नसतं,” घरी जाताना लिस्बेत म्हणाली.

“आईला माझं काय आवडलं?”

वाटभर बर्फ पायाखाली करकरत राहिला.

अंधार पडायच्या सुमाराला आर्नोने बाहुल्या कागदातून काढल्या. मधे देवदूत, दोन्हीकडे खाणकरी, अगदी तेव्हासारखे. मेणबत्त्या लावताना तो बोलत होता. लहानपणासारखा, सुटा सुटा.

“तुला आठवतं? त्या हिवाळ्यात आई माळ्यावर सुपाची वाटी न्यायची. माळ्यावरच्या बुटक्यासाठी, म्हणायची. मी रात्री त्याचा खोकला ऐकायचो. बुटक्याला पण सर्दी होते, वाटायचं मला.”

“पुरे, आर्नो.”

“थांब, बाहेरून बघतो.”

तो कोटही न घालता बाहेर पळाला. बर्फात उभा राहिला. सहा ज्योती काचेत थरथरत होत्या. त्रेपन्न वर्षांच्या माणसाने बोटाने काच वाजवली आणि जाड आवाज काढून तो मोजू लागला, “एक देवदूत, दोन खाणकरी. वा! घर भरलेलं…”

आतून लिस्बेतने पुढे होऊन डावीकडच्या खाणकऱ्याच्या मेणबत्त्या फुंकल्या.

तो आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. “का विझवल्यास?”

तिने विझलेला खाणकरी खिडकीतून उचलून टेबलावर ठेवला.

“तू पण तसलीच,” तो म्हणाला. “कोनराड गेला म्हणून आईने माझाही दिवा चुलीत घातला. मी होतो ना जिवंत! एकदा तरी लावायचा होता माझ्यासाठी. मी नकोच होतो तिला.”

“असं बोलू नकोस.”

“मग कसं बोलू? सांग ना. का नाही लावला?”

लिस्बेत खुर्चीवर बसली. तिने त्याचे गार हात आपल्या हातांत घेतले, जसे कधीकाळी गोठ्यात त्याचे कान झाकले होते.

“खिडकी दिसली की तुला आठवेल आणि मोठा झाल्यावर कळेल, ही भीती होती तिला. मरतानाही एवढंच म्हणाली, पोराला कळू देऊ नकोस.”

“काय कळू देऊ नकोस?”

“माळ्यावर बुटका नव्हता, आर्नो. कोनराड होता, युद्धावर जायचं टाळून लपलेला. आणि काचेबाहेरून मोजणारा तो माणूस त्यालाच शोधत आला होता.”