गोंदण खाणारी पेटी

“आजी, ऐक माझं. फोटो मोबाईलवर काढून घे,” थांग काकुळतीला आला होता.

“मोबाईल नको. तुझी पेटीच हवी.” लॉओम आजी स्टुलावरून हलेना.

चांगली फिल्म परवडत नाही, म्हणून थांग आपल्या भल्यामोठ्या लाकडी कॅमेऱ्यात इस्पितळातली जुनी, कोरी एक्स-रेची फिल्म कापून घालायचा. ती मेली निळं ते सगळं पांढरं करून टाकायची. चिन डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडभर निळं गोंदण. फोटोत ते साफ गायब! बायका फोटो त्याच्या अंगावर फेकून जायच्या. आता कुणी दारात उभं राहत नव्हतं.

“शेजारणीचा फोटो पाहिला मी. म्हणून तर आले.”

टोमणाच होता. थांगने मान खाली घातली.

आजीला फोटो बहिणीसाठी हवा होता. बहीण लहानपणीच घरातून पळालेली. सीमेपलीकडे निर्वासितांच्या कुठल्याशा छावणीत आहे, अशी कुणकुण आता लागली होती. तिकडे जाणारा ट्रक आजच निघणार होता, पुढे पावसाळाभर रस्ता बंद.

“तोवर मी उरते का रे?” आजी खोकत म्हणाली.

फिल्मचा तुकडाही एकच उरला होता. थांगने चिमणीची काजळी बोटावर घेतली आणि गोंदणाच्या रेघांवरून फिरवायला लागला.

“मेल्या, तोंड काळं करतोस होय माझं?” आजीने शालीने खसाखसा पुसून टाकलं.

“अगं, फोटोत गोंदण उतरलं नाही तर बहीण ओळखेल कशी तुला?”

“तू काढ रे गुमान.”

त्याने काळ्या कापडात डोकं घातलं. “हलू नकोस हं.”

“हलायला अंगात त्राण कुठंय!”

तासाभराने लाल दिव्याखाली कागदावर चेहरा उमटला. सुरकुती न् सुरकुती आली होती. गोंदणाची एक रेघ नव्हती. थांगला रडूच कोसळलं.

“वाट लावली गं मी, आजी.”

आजीने फोटो हिसकावून घेतला. त्या कोऱ्या गालावरून बोट फिरवलं आणि तिचेही डोळे वाहायला लागले. थांगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ती धापा टाकत ट्रकपाशी गेली. ड्रायव्हरच्या हातात फोटो कोंबला.

“छावणीत झोपडी न् झोपडी फिर, बाबा. माझी जुळी आहे ही. गोंदायच्या आदल्या दिवशी पळाली. विचार, हिला कुणी पाहिलंय का?”