येतो

सोमवारी विधिमंडळात नामदार गर्ग्यांनी तासभर नव्या सुधारणांची बाजू मांडली. आधी शाळा, मग दारूबंदी. चौकशीविना डांबण्याचा इंग्रजांचा कायदा मात्र तूर्त राहील. “कायदा तोच असला, तरी हात आता आपले आहेत!” बाकं दणाणली.

शनिवारी ते नाशिकच्या तुरुंगाची पाहणी करायला आले. त्याच कायद्याखाली इथे त्यांनी दोन वर्षं काढली होती. तेव्हाचा पहारेकरी लियाकत अजून फाटकावर होता. निघताना नामदारांनी सवयीनं हात जोडले. “बराय लियाकतमियाँ, येतो.”

लियाकतचा चेहरा उतरला. “साहेब, इथनं निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाय. सुटलात तवा तुमीपण ‘जातो’च म्हणला होता.”

“आता मला कोण आणतंय?” नामदार खो खो हसले.

लियाकतनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. “तुमची कोठडी झाडून ठेवतो, साहेब.”