हिरवी खूण

पोषणाच्या सर्वेक्षणासाठी नशरा आपटा गावात सुगंधाच्या पोराचं वजन घ्यायला आली. मोबाईलमध्ये आकडा भरला आणि स्क्रीन परत लाल झाली. तिने वैतागून खारघरच्या ऑफिसात विश्वजीत सरांना फोन लावला.

"अगं, तीन महिने तोच आकडा? वाढत्या मुलाचं वजन तेवढंच कसं राहील? जुनाच आकडा चिकटवलास तर सिस्टीम पकडणारच ना!"

"सर, मी आत्ता त्याच्यासमोर बसलेय. वाढतच नाहीये त्याचं वजन."

"काटा तपास आणि नीट घे. लाल आकडा मला पुढे पाठवता येत नाही."

नशराने काट्यावर किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. पोराचे कपडे काढून त्याला परत बसवलं, तरी आकडा तोच. लाल असेपर्यंत पुढचं पान उघडेना आणि बाकीची घरं तर अजून व्हायची होती. शेवटी तिने दोनशे ग्रॅम आपल्याच मनाने वाढवले. लगेच हिरवी खूण उमटली.

सुगंधा तिच्या खांद्यावरून बघतच होती. या वेळी वजन वाढलं नाही तर पोराला पनवेलच्या दवाखान्यात भरती करावं लागेल, असं मागच्या खेपेला नशरानेच तिला बजावलं होतं. त्याच्या कपड्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

 

सुगंधाने ती पिशवी उचलून परत खुंटीला अडकवली. "हिरवं झालं! म्हंजे आता दवाखान्यात न्यायला नको ना, ताई?"